गाडीला हार घालण्याआधी बॉनेट उघडा



दसरा आठ दिवसांवर आलाय. खंडेनवमीला आपण विळा, कोयता, फवारणी पंप, ट्रॅक्टर सगळं धुऊन पुजतो आणि पिकअपला झेंडूचा हार घालतो. म्हणून आज करपा, नागअळी, खताचा हप्ता यातलं काही नाही. आज गाडीच्या इंजिनाबद्दल लिहितेय. मेसेज मोठा आहे. रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा, आणि घरात जो गाडी चालवतो त्याला पुढे पाठवा.

आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. माझी कृषी पदविका आहे आणि तुमच्या प्लॉटवर येऊन पानं उलटी करून बघणं हे माझं काम. पण आमच्या घरी तेरा वर्षांची डिझेल पिकअप आहे आणि लहानपणापासून बॉनेटखाली बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आहे. आपल्या संकलन केंद्रावर रोज येणाऱ्या गाड्याही बऱ्याचशा जुन्याच आहेत. त्यांच्यासाठी हा मेसेज.

*हा विषय का घेतला*

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे वडील, अण्णा, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन रात्री कल्याणला निघाले. आमचा आणि शेजारच्या दोन घरांचा मिळून तीन घरांचा माल होता. आठवडाभर आधीच ते मला म्हणाले होते, "पोरी, गाडी मधेच गचके देतीय, डिझेल फिल्टर बघायला पाहिजे." मी म्हटलं, "तालुक्याला गेले की आणते." गेलेही, दोनदा. एकदा विसरले, एकदा दुकान बंद होतं.

माळशेज घाट उतरताना गाडीने दोन गचके खाल्ले आणि इंजिन बंद पडलं. वळण, पाऊस, धुकं, पाठीमागे भरलेली गाडी. अण्णांनी ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा अर्धवट लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं झालं. त्यांनी दोन्ही पायांनी पेडल दाबून धरलं, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. म्हणून थांबली. डाव्या बाजूला डोंगर होता म्हणून मी आज हे लिहितेय.

सकाळी मेकॅनिक आला. त्याने डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडला, तर डिझेलच्या आधी पेलाभर पाणी आलं. आम्ही ट्रॅक्टरसाठी शेडमध्ये ठेवलेल्या कॅनमधलं डिझेल गाडीत ओतलं होतं आणि कॅनचं झाकण नीट नव्हतं. गाडी दुपारी कल्याणला पोचली. तोवर बाजार उठलेला, जुड्या पिवळ्या पडलेल्या. अण्णांनी कुणाकडून भाडं घेतलं नाही. तरी शेजारचं एक घर पुढे दोन महिने दुसऱ्या गाडीने माल पाठवत होतं. त्यांचं काही चुकलं नाही.

*इंजिन बंद पडलं तर ब्रेक का जातो?*

हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ब्रेक हलका लागावा म्हणून पेडलच्या पुढे बूस्टर असतो. तो व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम एक छोटा पंप तयार करतो आणि बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये तो पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. अल्टरनेटर फिरतो बेल्टवर, बेल्ट फिरतो इंजिनावर.

म्हणजे इंजिन बंद पडलं किंवा बेल्ट तुटला, की बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळाच ब्रेक हलका लागतो. त्यानंतर ब्रेक असतो, पण सगळी ताकद तुमच्या पायाची. मागे माल भरलेला असेल तर ती ताकद पुरत नाही.

याच कारणाने डिझेल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल करून घाट उतरायची सवय कुणाला असेल, तर ती आजपासून सोडा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते खरं आहे.

*डिझेल गाडीचं 'ट्यूनिंग' म्हणजे काय*

पेट्रोल गाडीला प्लग साफ करा, कार्बोरेटर सेट करा, असं ट्यूनिंग असतं. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होते म्हणा, आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. त्यामुळे जुन्या डिझेल इंजिनाला पाच गोष्टी लागतात: गारवा, नीट बेल्ट, स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, स्वच्छ ऑइल. या पाचही घरी, एका सकाळी होतात.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. त्यांचं ऑइल आणि सायलेन्सरची व्यवस्था वेगळी असते. हा मेसेज त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे.

*तयारी*

• गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.
• रात्रभर थंड झालेलं इंजिन. थंड इंजिनाची कामं आधी, गरम इंजिनाचं काम शेवटी.
• उपरणं, ओढणी, पदर, सैल बाही बाजूला. हातातलं कडं-अंगठी काढा.
• जुनं घमेलं, सुती फडकी, रिंग पान्यांचा सेट, फिल्टर सोडायचा पट्टा, गाडीचं मॅन्युअल.
• फिल्टर आणताना गाडीचं मॉडेल आणि सालाचा कागद दुकानदाराला दाखवा. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे फिल्टर बदलतो.

*१. गारवा: रेडिएटर*

टोपी फक्त थंड इंजिनावर उघडायची. गरम असताना उघडली तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. याला अपवाद नाही.

आतलं पाणी बोटाने बघा. गंजकट, तांबडं असेल तर समजा की साधं बोअरचं पाणी भरलंय. आपल्या बोअरच्या पाण्याने ठिबकच्या ड्रीपरवर पांढरी खपली बसते ना? तीच रेडिएटरच्या नळ्यांत बसते. लॅटरलमध्ये आपण ॲसिड सोडतो. इथे तो प्रयोग करू नका. पाणी पूर्ण काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, तयार कूलंट भरा. नाहीतर कूलंट आणि बॅटरीला वापरतात ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

मग बाहेरून जाळी बघा. चिखल, गवत, काडीकचरा अडकलेला असतो. कमी प्रेशरच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेर धुवा. एचटीपीची गन जवळून मारू नका, पत्रे वाकतात. रबरी होज दाबून बघा: फुगलेला, तडकलेला, पिचपिचीत झालेला असेल तर बदला.

जुनं कूलंट उघड्यावर सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्रं-शेळी पितात आणि ते विष आहे.

*२. बेल्ट आणि बॅटरी*

वर ब्रेकची गोष्ट सांगितली, आता बेल्टकडे त्याच नजरेने बघा. इंजिन बंद, किल्ली खिशात. बेल्ट उलटा करून आतली बाजू बघा. आडव्या चिरा, निघालेले धागे, काचेसारखी चकाकी, ऑइल लागलेलं, यातलं एकही असेल तर नवा टाका. दोन पुलीच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबायला हवा. जास्त ढिला असेल तर घसरतो, चार्जिंग कमी होतं, व्हॅक्यूमही कमी. फार ताणला तर बेअरिंग जातं.

जुना पण चांगला असलेला बेल्ट फेकू नका. सीटमागे ठेवा, कधीतरी रस्त्यात लागतो.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने धुवा, कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

*३. हवा: एअर फिल्टर*

आपल्या पांदीच्या धुळीत गाडी चालते, मळणी मशीनशेजारी उभी राहते. फिल्टर चोंदला तर इंजिनाला हवा कमी, काळा धूर, चढाला दम लागतो. पण त्याहून वाईट म्हणजे फिल्टरला बगल देऊन धूळ आत जाणं. ती बारीक वाळू रिंगा आणि लायनर घासून काढते, आणि मग इंजिन उतरवायचा खर्च.

म्हणून तीन गोष्टी बघा:
• कागदी फिल्टर आतून बाहेर, कमी हवेने झाडा. पाण्याने किंवा डिझेलने धुवायचा नाही. जमिनीवर आपटायचा नाही.
• फिल्टरच्या आत पेटती बॅटरी धरा. प्रकाश सगळीकडे सारखा दिसला तर ठीक. कुठेच दिसला नाही तर चोंदलाय. एखाद्या ठिकाणी लख्ख ठिपका दिसला तर फाटलाय. दोन्ही वेळा नवा.
• फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप वाकवून बघा. चीर असेल, क्लिप ढिली असेल, किंवा पाइपच्या आत धुळीचा थर असेल, तर धूळ आत जातेय. नुसता नवा फिल्टर टाकून उपयोग नाही.

*४. डिझेल: ज्याने आमची गाडी थांबवली*

डिझेल फिल्टरच्या तळाला छोटा स्क्रू किंवा चावी असते. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते खाली बसतं. खाली काचेची बरणी धरून ती चावी सैल करा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. बरणीत दोन थर दिसले तर खालचं पाणी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी हे करायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पैसे शून्य.

फिल्टर बदलायचा असेल तर बदलल्यावर एअर काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू सैल करा आणि हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की पंप दाबत असतानाच स्क्रू आवळा. मगच सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे थोडी विश्रांती द्या.

*इथे धोका आहे, नीट वाचा.* जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीवर काही जण नोझलचा पाइप ढिला करून एअर काढतात. कॉमन रेल गाडीवर (ज्यावर सीआरडीआय किंवा सीआरडीई असं लिहिलेलं असतं) हे कधीही करू नका. आपल्या एचटीपी पंपाचं प्रेशर २०-३० किलो असतं. कॉमन रेलच्या पाइपात ते हजार किलोच्या वर जातं. तो फवारा कातडी फोडून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावायची वेळ येते. असं कधी झालंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात.

आणि कॅनमधलं डिझेल घालायचं असेल तर कॅन रात्रभर स्थिर ठेवा, हलवू नका, जाळी आणि सुती फडक्यातून गाळा आणि तळाचं दोन बोटं राहू द्या. टाकी शक्यतो रात्री भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत हवेतलं पाणी धरतं.

*५. ऑइल*

हे शेवटी, कारण इंजिन आता चालू करून थोडं गरम करायचंय. गरम ऑइल पातळ होतं आणि घाण घेऊन बाहेर येतं. इंजिन बंद करा, खाली घमेलं, ड्रेन बोल्ट सोडा, पूर्ण गळू द्या. बोल्टचं वॉशर नवं टाका. फिल्टरही सोबतच बदला. नवं ऑइल जुन्या फिल्टरमधून फिरवायचं म्हणजे धुतलेली भांडी खरकट्या पाण्यात विसळायची.

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे पाऊण फेरा. पान्याने आवळू नका. ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि किती लिटर, हे मॅन्युअलमध्ये असतं. जुन्या डिझेल पिकअपला बहुतेक वेळा डिझेल इंजिनाचं १५ डब्ल्यू ४० चालतं, पण खात्री मॅन्युअलवरूनच करा.

भरून झालं की इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा बघा. दोन खुणांच्या मधे पाहिजे. वरच्या खुणेच्या वर भरणं हेही नुकसानच.

काडीवर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय. डिझेलचा वास येऊन पातळ झालं असेल तर डिझेल उतरतंय. दोन्ही वेळा गाडी चालवायची नाही, मेकॅनिकला बोलवायचं.

जळकं ऑइल बांधावर, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. मी तुमच्या जमिनीचे नमुने काढते, म्हणून सांगते: जिथे ऑइल मुरलं तिथे पीक नीट येत नाही आणि पाणी वास धरतं. कॅनमध्ये साठवा, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

*धूर काय सांगतो*

गाडी गरम झाल्यावर एकाने ॲक्सिलेटर दाबा, दुसऱ्याने मागून बघा.

• *काळा धूर:* हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर. तरी राहिला तर नोझल, पंप.
• *निळसर धूर:* ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो.
• *पांढरा धूर:* सकाळी थंडीत क्षणभर चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही. सोबत रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

*मेकॅनिकवर काय सोडायचं*

*नोझल.* फवारणीचं नोझल झिजलं की धुक्याऐवजी थेंब पडतात, औषध जास्त जातं आणि पान जळतं. इंजिनाच्या नोझलचं तसंच. ते पंप-नोझलच्या दुकानातच मशीनवर तपासायचं.

*टॅपेट.* टक-टक आवाज येत असेल तर सेटिंग करून घ्या. समोर उभं राहा. कंपनीने दिलेल्या मापाच्या पट्टीने करतोय ना ते बघा. "अंदाजाने बसतं" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

*पंप.* "पंप थोडा वाढवतो, गाडी चढाला पळेल" हे ऐकू नका. डिझेल वाढतं, काळा धूर वाढतो, इंजिन तापतं. ताकद कमी वाटत असेल तर कारण वरच्या पाचांत शोधा.

*खर्चाचा हिशेब*

टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. पुन्हा फुल कराल तेव्हा गेलेले किलोमीटर भागिले भरलेलं लिटर. हे ॲव्हरेज. आजच्या कामाआधी एकदा काढा, नंतर एकदा.

समजा गाडी १२ ची १० वर आलीय. रोज १०० किलोमीटर फेरी असेल तर ८.३ लिटरच्या जागी १० लिटर जातं. महिन्याला २५ फेऱ्या धरल्या तर साधारण ४२ लिटर डिझेल जास्त. फिल्टर-ऑइलच्या बिलाशी हा आकडा तुम्हीच ताडून बघा.

पण मला विचाराल तर हिशेब डिझेलचा नाहीच. गाडीत माल कुणाचाही असो, स्टेअरिंगवर आपल्या घरचं माणूस असतं.

*दसऱ्यापर्यंत एवढं करा*

१. आज रात्री: ऑइलची काडी आणि बेल्ट बघा.
२. उद्या सकाळी थंड इंजिनावर: रेडिएटरचं पाणी बघा, डिझेल फिल्टरचं पाणी सोडा.
३. या आठवड्यात: हवा, डिझेल, ऑइल, तिन्ही फिल्टर एकदम आणा. एक-एक आणू म्हटलं की राहतं, हे माझ्या अनुभवावरून.
४. एका छोट्या वहीत तारीख, किलोमीटर, काय बदललं ते लिहा. वही गाडीतच ठेवा. पुढच्या वेळी कधी, तेही लिहा.
५. लांबून भरून आल्यावर टर्बोची गाडी लगेच बंद करू नका. एक मिनिट उभी चालू ठेवा.

धुराचा व्हिडिओ, बेल्टचा किंवा काडीचा फोटो मला पाठवा. मला कळलं तर सांगेन, नाही कळलं तर आपल्या केंद्रावर गाड्या बघायला येणाऱ्या मेकॅनिककाकांना दाखवून सांगेन. टोमॅटोच्या पानांचे फोटो पाठवता तसेच पाठवा, संकोच नको.

आमच्या गाडीत आता सीटमागे एक डिझेल फिल्टर आणि एक बेल्ट कायम असतो. अण्णा घाटाच्या वर चहाला थांबतात तेव्हा मला मिस कॉल देतात, खाली उतरले की दुसरा. मी दुसरा येईपर्यंत झोपत नाही.

दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा. सोनं वाटा, पण आधी बॉनेट उघडा.

आपली,
कृषी सल्लागार